खुर्चीला न टेकलेला हात

३ फेब्रुवारी

काका, नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन झालं असं तुमच्या सूनबाईंनी कळवलं. वाचायला त्रास नको म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. आई बरी आहे, माझ्याकडेच आहे. गुडघे सोडले तर तिची कशाबद्दल तक्रार नाही, आणि गुडघ्यांबद्दल इतकी आहे की दुसऱ्या कशाला वेळ उरत नाही.

तुमच्याकडे काम काढलं आहे. एप्रिलअखेर आमच्या संग्रहालयात थोरल्यांच्या जन्मशताब्दीचं प्रदर्शन आहे. लोक अजून त्यांना थोरलेच म्हणतात, देशात नंतर कुणी पुढारी मोठा झालाच नाही जणू. त्यांच्या नावाच्या न्यासानं आमच्याकडे एक पेटी पाठवली आहे. आत एकशे चाळीस जोडकार्डं. प्रत्येक पुठ्ठ्यावर एकाच दृश्याचे दोन फोटो, शेजारी शेजारी, आणि मागे तुमच्या स्टुडिओचा शिक्का. बरोबर एक लाकडी चष्मा. तो बाबांनीच केलेला असणार. स्टुडिओत सुतार तेच होते ना. मी तो थोडा वेळ नुसता हातात धरून बसले, मग कामाला लागले.

कार्ड चष्म्यात सरकवलं की आधी दोन फोटो दिसतात, मग ते एकमेकांत शिरतात आणि खोली उघडते. टेबल पुढे येतं, भिंत मागे जाते, थोरले मधे बसतात. लहानपणी आमच्या शाळेत अशी पेटी आली होती. रांगेत उभं राहून मी एकच कार्ड बघितलं, तेही अर्धं. मागची मुलगी ढकलत होती.

नोंद करायचं काम माझ्याकडे आहे. प्रत्येक कार्डाचा काळ ठरवायचा. शंका अशी आहे. खुर्चीत बसलेली बारा कार्डं आहेत. त्यांत थोरल्यांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर आहे आणि अंगठ्याच्या नखाला मधोमध उभी भेग आहे. बाकीच्या कार्डांत नख अख्खं. ही दुखापत कधी झाली ते कळलं तर बाराही कार्डांची तारीख लागेल. तेव्हा कार्डं डकवायला तुम्हीच होता. आठवतं का काही?

आईला सांगितलं की तुमच्या स्टुडिओची पेटी आली आहे. ती म्हणाली, "सगळ्या देशाचे फोटो काढले त्यांनी. घरच्या माणसाचा एक निघाला नाही." टोमणा तुम्हालाच आहे. मी फक्त पोचवला.

तुमची मुंगी


११ फेब्रुवारी

मुंगे,

टोमणा पोचला. वहिनीला सांग, पन्नास वर्षांत धार गेलेली नाही. उत्तर जुनंच आहे, तिला पाठ आहे. दादाला फोटो काढून घेणं आवडत नसे.

पेटी शिल्लक आहे हे ऐकून आश्चर्य वाटलं. आम्ही चाळीस केल्या होत्या. त्या शाळाशाळांतून फिरत आणि वर्षाअखेर परत येत. मुलांच्या हातांनी झिजल्या. मला वाटलं सगळ्याच लगद्यात गेल्या.

नोंदीला उपयोग होईल म्हणून सांगतो. आमचा कॅमेरा एका डोळ्याचा होता. दादानं त्याच्याखाली एक फळी करून दिली होती, त्यावर तो अडीच इंच सरके. आधी डाव्या डोळ्याचा फोटो घ्यायचा, फोटोची काच बदलायची, कॅमेरा सरकवायचा, मग उजव्या डोळ्याचा. मधे सात-आठ आकडे मोजून होत, तेवढा वेळ समोरच्यानं हलायचं नाही. नंतर दोन्ही फोटो कापून पुठ्ठ्यावर डकवायचे. तिथे केसभर चुकलं की वस्तू जागा सोडते. पुढची मागे जाते नाही तर मागची पुढे येते. डावा-उजवा उलटे डकवले तर माणसाचा चेहरा आत जातो, साच्यासारखा. सुरुवातीला मी एका मंत्र्याचा घालवला होता. स्टुडिओचे मालक बघून म्हणाले, "हा खरा दिसतो, पण खपणार नाही."

अंगठ्याचं म्हणशील तर थोरल्यांचं बोट मोटारीच्या दारात चेमटलं होतं. ती कार्डं केली त्याच वर्षी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला. तसं लिही. आणि फार बारकाईनं बघत बसू नकोस. मुलांची मौज म्हणून केलेली कार्डं आहेत ती.

डोळा ठीक आहे.

काका


२१ फेब्रुवारी

काका,

दार लिहिलं. आमच्या संचालकबाई तर खूश झाल्या. दीडशे कागद वाचल्यावर त्यांना पहिल्यांदाच एक माणूस सापडला असं म्हणाल्या. आता प्रवेशाच्या भिंतीवर मोठा फलक होणार आहे: "अंगठा जखमी, हात अढळ." खाली तुमची माहिती, माझ्या शब्दांत. शाळेच्या सहली येतील, मुलं वाचतील. मजकूर पंचवीस मार्चला छापखान्यात जाईल.

त्याआधी दोन गोष्टी पक्क्या करायच्या आहेत. पहिली. बारांपैकी तीन कार्डांत मागच्या भिंतीवर दिनदर्शिका आहे आणि भिंगातून तिचा महिना वाचता येतो. फेब्रुवारी. तुम्ही म्हणता दार उन्हाळ्यात लागलं. वर्ष चुकलं असेल का? एका डॉक्टरांना नखाबद्दल विचारलं. म्हणाले, घाव नखाच्या मुळात गेला असेल तर भेग जन्मभर राहते. पण मग थोरल्यांच्या नंतरच्या फोटोंत नख अख्खं कसं?

दुसरी गोष्ट सांगायला जरा विचित्र आहे. तो हात खुर्चीला टेकलेला नाही. एका डोळ्यानं बघितलं तर टेकलेला दिसतो. दोन्ही डोळ्यांनी बघितलं की खुर्चीचं लाकूड आणि तळहात यांच्यामधे थोडी हवा आहे. फार नाही. पातळ कागद जाईल एवढी. बाराही कार्डांत तसंच. बाकीचे थोरले खुर्चीत बसले आहेत आणि हात त्यांच्या पुढे तरंगतो आहे.

तुमचं पत्र जेवताना आईला वाचून दाखवलं. मंत्र्याच्या गोष्टीला हसली. अंगठ्याशी आले तेव्हा तिनं विचारलं, "कुठला अंगठा?" म्हटलं, उजवा. "भेग कशी आहे, आडवी का उभी?" म्हटलं, उभी. मग ती ताटावरून उठली. हल्ली लवकर दमते.

मुंगी


९ मार्च

काका,

तुमचं पत्र नाही. तब्येत बरी आहे ना? सूनबाई फोनवर म्हणाल्या, बसलेले असतात, वही पुढे असते, लिहीत काही नाहीत.

माझ्या शंका राहू देत, फलकापुरतं कळवलंत तरी चालेल. पण आई रोज विचारते, पत्र आलं का. टपालवाल्याची वाट बघत दारात खुर्ची टाकून बसते. काल मी विचारलं, तुला काय एवढं? म्हणाली, "तू त्याला एवढंच लिही. दार की पटाशी." मी म्हटलं, याचा अर्थ काय? म्हणाली, "त्याला कळेल. तुला तो सांगेल."

तेव्हा लिहिते. दार की पटाशी?

मुंगी


१५ मार्च

मुंगे,

पटाशी.

वहिनीला हा एक शब्द आधी सांग, मग बाकीचं वाच.

दादा डावखुरा होता. हातोडी डाव्या हातात, पटाशी उजव्यात. तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी कपाट करताना त्यानं ती दुसऱ्या हातात धरून बघितली, कुणीतरी पैज लावली होती, आणि पटाशी घसरून उजव्या अंगठ्याच्या नखात मुळापर्यंत गेली. त्यानंतर नख दुभंगलेलंच वाढलं. त्या बारा कार्डांतला उजवा हात थोरल्यांचा नाही. तो दादाचा आहे.

पन्नास वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नाही. आत्ता सांगतो आहे ते धीर आला म्हणून नाही. माझं ते दार तुम्ही भिंतीवर लावायला निघालात म्हणून.

थोरल्यांचा उजवा हात थरथरत असे. सभेत कळत नसे. ते कागद धरून बोलत, किंवा हात पाठीमागे घेत. स्टुडिओत आले तेव्हा आम्ही जवळून बघितलं. दिवे त्यांच्या डोळ्यांना सोसत नव्हते, म्हणून खिडकीचा उजेड, आणि तेवढ्या उजेडात काच चार आकडे उघडी ठेवावी लागे. चेहरा दगडासारखा. त्यांच्याइतकं स्थिर बसणारं माणूस मी पुन्हा बघितलं नाही. फक्त हात. बारा जोड्या काढल्या, बारांतही हाताच्या जागी धुकं. त्यात डाव्या डोळ्याला एक धुकं आणि उजव्याला दुसरं. चष्म्यातून बघितलं की मळमळे.

जाताना त्यांनी मालकांना विचारलं, "हाताचं काही करता येईल?" हुकूम नव्हता, विचारलंच. त्यांच्याबरोबर आलेला माणूस मात्र मागे राहिला आणि म्हणाला की कार्डं शाळांत जाणार आहेत, थरथरणारा हात शाळेत जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी तीच खुर्ची, तोच उजेड, तोच कोट. कोट ते ठेवून गेले होते. मालकांनी आम्हा सगळ्यांना टेबलावर हात ठेवायला लावले. माझे आखूड निघाले, मालकांचे स्वतःचे जाडे. दादाचे जुळले. सरस आणि भुसा निघेपर्यंत त्याला हात धुवायला लावलं, अर्धा तास गेला. मग तो थोरल्यांच्या कोटात बसला आणि आम्ही बारा जोड्या काढल्या.

पुढचं काम माझं. मी पात्यानं हात कापले, मागून घासून पातळ केले, थोरल्यांच्या फोटोवर डकवले, कडा ब्रशनं बुजवल्या, आणि त्या फोटोचे परत फोटो घेतले. नखाची भेग बुजवायची राहिली. मालकांच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. मी ती रोज बघत होतो. रोजचं दिसत नाही.

हात टेकत नाही हेही तुझं बरोबर आहे. मी केसभर चुकलो. एका फोटोत चुकलो असतो तर कळलं असतं, मी बाराही जोड्यांत सारखंच चुकलो. चाळीस पेट्या भरून झाल्यावर समजलं. मालकांना सांगायची हिंमत झाली नाही. दादाला दाखवलं. तो बराच वेळ चष्म्यातून बघत राहिला. मग म्हणाला, "बरं झालं. मी काही त्या खुर्चीला टेकलो नाही."

मालकांनी त्याच्याकडून शब्द घेतला होता. यापुढे फोटो काढून घ्यायचा नाही, कुठेही, कुणाबरोबरही. हात शेजारी ठेवून कुणी ताडून बघितले तर पंचाईत होईल. दादानं शब्द दिला आणि माझ्याकडूनही घेतला, की घरी बोलायचं नाही. फोटो आवडत नाही हे कारण त्याचंच. मला वाटलं एक-दोन वर्षांत सगळे विसरतील आणि मग तुम्हा तिघांचा मीच काढीन. कुठे उभं करायचं तेही मनात ठरवलं होतं. दोन वर्षांच्या आत दादा गेला.

फलक थांबव.

काका


२० मार्च

काका,

फलक थांबवला आहे. कारण अजून सांगितलेलं नाही. एक तारीख खोटी निघाली एवढंच म्हटलं.

पत्र आईला वाचून दाखवलं. शेवटी म्हणाली, "मला वाटायचं, माझ्या शेजारी बसायची त्याला लाज वाटते." मग गुडघ्यांबद्दल काही न बोलता आत गेली.

तुम्ही दर सुट्टीत यायचात. मी विचारायचे, बाबा कसे होते? तुम्ही म्हणायचात, उंच. चांगले उंच. मी पुढे काही विचारलं की खिशातून पेपरमिंट निघायचं. त्यांना फोटो आवडत नसे, हे मी इतक्या वेळा ऐकलं की सात-आठ वर्षांची असताना त्यातून माझं मी ठरवलं होतं, त्यांना आमच्याबरोबर दिसायचंच नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुमच्यासारखंच.

काल दुपारच्या सुट्टीत खोलीचं दार लावून बाराही कार्डं बघितली. मनगटापासून बोटांपर्यंत. शिरा वर आलेल्या आहेत. करंगळी जरा बाहेर वळते, माझी वळते तशी. मी पाचवीत होते तेव्हा शाळेत बघितलं ते अर्धं कार्ड यांतलंच असेल. त्या मुलीला मी तेव्हा ढकलायला हवं होतं.

आता माझी अडचण ऐका. न्यासाशी आमचा करार आहे. फेरफार केलेली वस्तू सापडली तर ती प्रदर्शनात ठेवायची नाही, तिची प्रत काढायची नाही, ती परत करायची. परत गेलेली वस्तू पुन्हा कुणाला दिसत नाही, हे मी इतर पेट्यांच्या बाबतीत बघितलं आहे. म्हणजे खरं लिहिलं तर बाबांचा हात जातो. नाही लिहिलं तर तो काचेत राहतो, मी रोज बघू शकते, आणि खाली थोरल्यांचं नाव. माझ्याकडे बाबांचं तेवढंच आहे आणि तेही माझं नाही.

दोन प्रश्न. त्यांना कुणी काही केलं का? तुम्ही न्यूमोनिया म्हणत आलात. दार लागलं असंही म्हणाला होतात.

आणि हात कापल्यावर उरलेल्या कागदांचं काय केलंत? त्यांत हात सोडून बाकीचे बाबा असतील ना?

मुंगी


२८ मार्च

मुंगे,

दाराचा उल्लेख केलास ते ठीकच केलंस.

न्यूमोनियाच. दवाखान्यात मी होतो. अकरा दिवस. कुणी काही केलं नाही, कुणी भेटायलाही आलं नाही. यात फार मोठं काळंबेरं शोधू नकोस. जे काही झालं ते मी केलं, पात्यानं आणि सरसानं.

उरलेले कागद चोवीस होते. मालकांनी जाळायला सांगितले. मी तेवीस जाळले.

चोविसावा या पत्राबरोबर आहे. दोन पुठ्ठ्यांमधे ठेवला आहे, वाकवू नकोस. तुझ्या लग्नात देणार होतो. मग वहिनी काय म्हणेल म्हणून राहिलं. मग तुला मूल झालं तेव्हा. मग राहिलंच.

बघण्याआधी वाच, नाही तर निराश होशील. डावा हात कोटाच्या खिशात आहे, ती थोरल्यांची सवय. उजव्या हाताच्या जागी भोक आहे. आणि चेहरा पुसट आहे. दादाला फक्त हात हलवू नकोस असं सांगितलं होतं. तोंडाबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि दादाला गप्प बसवणं घरात कुणाला जमलं नव्हतं, स्टुडिओत काय जमणार. चारही आकडे तो बोलत होता. कान नीट आले आहेत. केसही.

हा डाव्या डोळ्याचा फोटो आहे. त्याचा जोडीदार जाळला, त्यामुळे चष्म्यात घालून उपयोग नाही, सपाटच दिसणार. मला आता त्यानं फरक पडत नाही. माझा उजवा डोळा ऑपरेशननं परत आला नाही. सूनबाईला सांगू नको म्हणून बजावलं होतं. एका डोळ्याला सगळं जग एका पुठ्ठ्यावर डकवलेलं दिसतं. चहा ओततो तो कपाच्या बाहेर जातो. जन्मभर लोकांना खोली दाखवली, आता जिन्याची पायरी कुठे संपते ते पायानं चाचपावं लागतं.

तो काय बोलत होता असं तू विचारशील. आठवत नाही असं लिहून खोडलं. आठवतं, पण जपून ठेवावं असं काही नाही. खुर्ची डुगडुगते म्हणत होता. डावा पुढचा पाय आखूड आहे, पाच मिनिटं द्या, करून देतो. मालक म्हणाले, हलू नकोस. तो म्हणाला, मी नाही, खुर्ची हलते.

नोंदीत काय लिहायचं ते तू ठरव. मी सांगायचा हक्क घालवला आहे. लिहिलंस तर माझं नाव घाल. डकवणारा म्हणून. चूक केसभर, तेही लिही.

काका


३ मे

काका,

कागद न वाकता पोचला. उत्तराला उशीर झाला. सगळं होऊन जाईपर्यंत लिहवत नव्हतं.

मी आधी नोंद लिहिली आणि मग आईला संग्रहालयात आणलं. आधी आईला आणलं असतं तर नोंद लिहून झाली नसती. "उजवा हात स्टुडिओतील सुताराचा. अंगठ्याचे नख पटाशीने दुभंगलेले. कापणारा व डकवणारा, सुताराचा धाकटा भाऊ. हात खुर्चीला टेकत नाही. अंतर एक केस." दोन्ही नावं पूर्ण लिहिली आहेत. बाराही कार्डांपुढे तेच बारा वेळा, खाली 'वरीलप्रमाणे' न म्हणता.

संचालकबाईंनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, "पुरावा?" तुमचं पत्र दिलं. ते त्यांनी खिडकीशी उजेडात नेऊन वाचलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय ना, बाराही जातील?" म्हटलं, कळतंय. "प्रदर्शन होईपर्यंत थांबला असतात तर मी काही विचारलं नसतं." म्हटलं, पन्नास वर्षं थांबलोच होतो. त्यांनी सही केली. न्यासाची गाडी गुरुवारी येईल आणि मंगळवारी दुपारी त्या स्वतः रजेवर आहेत, असं मला दोनदा सांगितलं.

मंगळवारी आईला आणलं. आमच्याकडे वस्तू हाताळायच्या तर पांढरे सुती हातमोजे घालावे लागतात. "नवऱ्याचा हात बघायला मला मोजे?" म्हणाली, आणि घातले. मी कार्ड सरकवून दिलं. तिला बराच वेळ दोनच फोटो दिसत होते. "दोन दोन थोरले आहेत," म्हणाली, "एकच पुरे होता." चष्म्याची फळी थोडी पुढे घेतल्यावर ती बोलायची थांबली.

मी घड्याळ बघितलं नाही. खालच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला, टेबल हललं, तिनं मान हलवली नाही. मग म्हणाली, "हात धुतलेत." थोड्या वेळानं, "माझ्याकडे यायचा तेव्हा सरस असायचा." मग तिनं डाव्या हातात चष्मा तसाच धरून उजवा हात पुढे नेला. टेबलाच्या वर, कार्डाच्याही पलीकडे, जिथे काही नव्हतं तिथे, आणि बोटं मिटली. पांढऱ्या मोज्यातली. मी बघितलं ते एवढंच. तिनं काय बघितलं ते मला माहीत नाही.

बाराही कार्डं बघितली तिनं. शेवटचं झाल्यावर पुन्हा पहिलं मागितलं.

तुमचा कागद मी घरी गेल्यावर दिला. मला भीती होती ती भोकाची. तिनं भोकाकडे बघितलंच नाही. दिव्याजवळ नेला, दूर धरला, जवळ आणला, म्हणाली, "बोलतोय." मी तुम्ही लिहिलंत तेच सांगितलं होतं, हललंय म्हणून चेहरा पुसट आहे. ती म्हणाली, "पुसट नाही. बोलतोय. काय म्हणतोय?" म्हटलं, खुर्ची डुगडुगते म्हणतायत. "तेच म्हणणार. समोर अख्खा देश उभा केला असता तरी ह्यानं पाय बघितले असते. खुर्चीचे."

कागद आता तिच्या उशाशी आहे. फ्रेम करू म्हटलं तर नको म्हणाली. काचेतून ऐकू येत नाही म्हणे. थट्टा करते की खरंच, ते मला आताशा कळत नाही. मला तो चेहरा अजून दिसत नाही, खरं सांगते. एक फिकट जागा दिसते आणि दोन कान. हात मात्र डोळे मिटले की दिसतो, सगळ्या बाजूंनी. हात मला मिळाला आणि तोंड तिला, असं झालं आहे.

तुम्हाला तिनं निरोप दिला आहे. मी पोचवते. "त्याला म्हणावं, फोटोत आम्हाला कुठे उभं करणार होतास ते येऊन दाखव. जिन्याला कठडा आहे."

गुरुवारी गाडी आली. बारा कार्डं मीच कागदात गुंडाळली. नेणाऱ्यानं मोजून घेतली, पोच दिली आणि नोंदीची प्रत न वाचता खिशात घातली. पेटीत बारा कार्डांची जागा रिकामी आहे. बाकीची घसरू नयेत म्हणून तिथे पुठ्ठा घातला.

प्रदर्शन मागच्या शनिवारी उघडलं. एकशे अठ्ठावीस कार्डं, तीन कोट, चष्मे, पेनं. प्रवेशाच्या भिंतीवर आता फक्त जन्माचं आणि मृत्यूचं वर्ष आहे. आणि खुर्ची. ती खुर्ची न्यासानं आयत्या वेळी पाठवली, हे मलाही माहीत नव्हतं. हात गेला आणि खुर्ची आली. लाकडी चौथऱ्यावर ठेवली आहे, भोवती दोरी.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी दोरी ओलांडली. बसले नाही. खुर्चीच्या उजव्या हातावर माझा हात ठेवला, टेकवला, आणि दाबला. खुर्ची पुढे कलली आणि टक करून परत आली. पुन्हा दाबला. पुन्हा तोच आवाज. मग गुडघ्यावर बसून खाली बघितलं. पन्नास वर्षांत कुणी दुरुस्त केलेली नाही. एका पायाखाली कागदाची घडी होती, ती चपटून पायाला चिकटली आहे. मी काढली नाही.

आखूड पाय डावा नाही, उजवा आहे, काका. बसणाऱ्याचा उजवा. तुम्ही समोर उभे होता.

मुंगी